आरासोदेस म्हणजे कधीच नाही

खासगी बाजार नावाच्या मोहल्ल्यात राहणाऱ्या अश्लेषा फाळकेला न विचारताच बाबांनी जॉर्जियातल्या मेडिकल कॉलेजात तिचं नाव घातलं. तिथं रुग्णांशी जॉर्जियनमध्ये बोलावं लागतं, म्हणून जायच्या आधीच ऑनलाइन शिकवणीही लावली. शिकवणी चालू असताना ते समोरच बसून राहत.

त्या दिवशी केतेवानबाई ‘नेहमी’, ‘कधीकधी’, ‘कधीच नाही’ हे शब्द शिकवत होत्या. "स्वतःबद्दल खरी वाक्यं कर," त्या म्हणाल्या.

अश्लेषानं बाबांकडे पाहिलं. मग जॉर्जियनमध्ये, शब्द जुळवत जुळवत ती म्हणाली, "बाबा नेहमी ठरवतात. कधीकधी माझा जीव गुदमरतो. मला डॉक्टर कधीच व्हायचं नव्हतं."

‘कधीच नाही’ला तिथं ‘आरासोदेस’ म्हणतात. तो शब्द तिनं अगदी स्पष्ट उच्चारला.

बाई जॉर्जियनमध्येच हळूच म्हणाल्या, "व्याकरण बरोबर आहे," आणि त्यांनी पुढचा धडा उघडला.

"काय गं, काय म्हणाल्या?" बाबांनी विचारलं.

"बरोबर आलं म्हणाल्या."

"बढिया!" बाबा खुशीत उठले आणि स्वयंपाकघराकडे बघून ओरडले, "अगं ऐकलंस का, पोरगी फाडफाड बोलायला लागली!"

अश्लेषा मान खाली घालून पुढचे शब्द घोकू लागली.