दिनूकाकांची होडी आणि बाबांचा नारळ

दिनूकाकांची होडी काकांच्या चुकीनं बुडाली नव्हती. ती माझ्या बाबांनी बुडवली.

हे वाचून घरातले निम्मे लोक मला अनफ्रेंड करतील. करा.

आज काकांची तेरवी झाली. पंगतीत कुणीतरी काकांचा विषय काढला आणि बाबांनी, म्हणजे काकांच्या सख्ख्या मोठ्या भावानं, परत तोच होडीचा किस्सा रंगवून सांगितला.

पंगत हसली. सवयीनं मीही हसले.

मंदाकाकू, काकांच्या पत्नी, बायकांमध्ये बसल्या होत्या. ताट तसंच टाकून त्या गच्चीवर निघून गेल्या.

ज्यांना किस्सा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

काका सरकारी ऑफिसात क्लार्क. राहायला नागपुरात, महाल भागात. समुद्र पाहिलेला एकदाच, तोही लग्नानंतर. आणि या माणसानं यूट्यूब बघून घराच्या गच्चीवर होडी बांधायला घेतली.

पातळ मरीन प्लाय कापायचा, कडांना भोकं पाडायची आणि तांब्याच्या तारेनं फळ्या एकमेकींना शिवायच्या. मग शिवणीवर एपॉक्सी गोंद आणि फायबरची पट्टी. तारा पिळायला काकू. साडीला फॉल लावण्यासारखंच आहे, म्हणायच्या.

नागपूरच्या उन्हात एपॉक्सी डब्यातच घट्ट व्हायचं. म्हणून काका पहाटे उठून काम करायचे, आणि मग आंघोळ करून ऑफिस. असे दोन उन्हाळे.

गल्लीनं टिंगल करायची ती केलीच. "गच्चीवर पूर येऊन राहिला का गा, दिनूभाऊ?"

काका विचारणाऱ्यालाच वर बोलावून होडी दाखवायचे, वर चहा पाजायचे. ही झाली की सुट्या भागांचं किट आणून दोन सीटचं विमान बांधणार, हेही सांगायचे. त्या विमानाचे फोटो देवघराशेजारी चिकटवले होते.

होडी तयार झाली. दोर लावून गच्चीवरून उतरवली, छोट्या हत्ती टेम्पोवर चढवली आणि कळमेश्वरच्या पुढं एका तलावावर नेली. मागून अख्खं खानदान, पुऱ्या आणि आलूची भाजी घेऊन.

पूजा झाली. नारळ घरातल्या मोठ्यानं फोडायचा असतो, म्हणून तो बाबांच्या हातात दिला. काकांनी एक दगड धुऊन तयार ठेवला होता.

बाबा म्हणाले, जहाजाचा नारळ जहाजावरच फोडतात, टीव्हीत बघत नाही का.

"भाऊ, प्लाय पातळ आहे. दगडावर फोडा ना."

"शुभ कामात मोठ्याले शिकवून राहिला का?"

बाबा रिटायर्ड हेडमास्तर. आमच्या घरात त्यांच्यापुढं पंखासुद्धा हळू फिरतो. काकांनी धुतलेला दगड बाजूला सारला.

पहिल्या फटक्यात नारळ फुटला नाही. दुसऱ्यातही नाही. तिसरा बाबांनी चिडून हाणला. फुटला. टाळ्या.

काकांनी होडीच्या टोकावरून एकदा हात फिरवला. हारफुलांखाली त्यांना काही दिसलं नसेल. किंवा दिसलं असेल आणि भावाचा मान राखला असेल. आता कुणाला विचारू?

काकांनी थोडं वल्हवलं आणि पुढून पाणी भरायला लागलं.

पाणी कमरेएवढंच होतं, अंगात लाइफ जॅकेट होतं, जिवाला काही झालं नाही. काका चिखलातून होडी ओढत परत आले. आम्ही पोट धरून हसलो.

बाबा काठावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दिनू, फायली लिहिणाऱ्यानं फायलीच लिहाव्या."

व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर गेला. त्या दिवसापासून काका म्हणजे कोलंबस. प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात. काका मान डोलवून हसायचे.

विमानाचे फोटो भिंतीवरून गेले. रंधा, क्लॅम्प, सगळं कुणाकुणाला देऊन टाकलं. परत त्यांनी साधा पाटही केला नाही.

आज मी काकूंच्या मागे गच्चीवर गेले. त्यांनी ताडपत्री बाजूला केली. होडी पालथी ठेवलेली.

एकही शिवण उसवलेली नव्हती. फक्त टोकाशी, पाण्याखाली जातो त्या भागात, प्लायला वीतभर चीर होती.

"नारळ इथं लागला होता," काकू म्हणाल्या.

होडी बुडाली त्याच संध्याकाळी, काकूंनी सांगितलं, काका बाबांना एकट्यालाच वर घेऊन आले होते. भांडायला नाही. आपण होडी नीट बांधली होती, एवढं भावाला तरी कळावं म्हणून. बाबांनी चीर पाहिली, हात लावून पाहिली आणि म्हणाले, आता चार लोकांत माझी काय इज्जत राहील, जाऊ दे.

काकांनी जाऊ दिलं.

आणि बाबा किस्सा सांगत राहिले. इतकी वर्षं. सगळं माहीत असून.

मी काकूंना विचारलं, काकांनी ती चीर का बुजवली नाही? त्यांच्यासाठी ते अर्ध्या दिवसाचं काम होतं.

"बुजवली असती तं काय दाखवलं असतं वं कोणाले? तेवढीच होती त्यांच्यापाशी."

खाली येऊन बाबांना गाठलं, चिरेबद्दल विचारलं. वाटलं, नाही म्हणतील. नाही म्हणाले नाहीत. मी म्हटलं, मी हे लिहिणार आहे, सगळ्यांना कळेल असं.

जमिनीकडे बघत ते म्हणाले,

"मी गेल्यावर लिहिजो, बाई."

मला बाबांची लाज वाटली. इतकी की त्यांच्या शेजारी बसवेना. आणि मग स्वतःचीही, कारण कोलंबस म्हणून हाक मारणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा असायचा.

बाबा, तुमच्या इज्जतीसाठी काका मरेपर्यंत गप्प राहिले. मी तुमच्या मरणाची वाट बघणार नाही. बोलू नका माझ्याशी, चालेल. तेरवीच्या पंगतीत हसण्यापेक्षा ते बरं.

दिनूकाका, होडी चांगली बांधली होती तुम्ही. तुम्ही होतात तोवर हे तुम्हाला ऐकू जाईल असं कुणीच म्हटलं नाही.

माफ करा. शेवटचा नमस्कार.