खाली बघणारा हुतात्मा

मुलांनो, लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि दुष्काळ होता. आमच्या शेजारी एक मूर्तिकार राहत. नव्या चौकासाठी ते एका हुतात्म्याचा पुतळा घडवत होते. मातीचा नमुना सुकला की तडकतो, म्हणून त्यावर सतत ओली पोती लागत. टँकर चार दिवसांनी येई. रोज सकाळी ते कुंपणापाशी येऊन मला विचारत, "बाई, भाजी धुतलेलं पाणी हाय का? फेकू नका."

पुतळा समितीच्या अध्यक्षांना नमुना पसंत पडला. मूर्तिकार मात्र त्याच्यासमोर जमिनीवर उकिडवे बसले आणि बराच वेळ वर बघत राहिले.

"चौकात भाजीवाली अशी खाली बसंल. तिला ह्यो गुर्मीत दिसंल."

अध्यक्ष म्हणाले, "अहो, चार दिवसांत हा धातूच्या ओतकामाला न्यायचाय. नव्या मातीला पाणी कुठून आणणार?"

"माझी आंघोळ हाय की," म्हणत त्यांनी तारेनं पुतळ्याच्या मानेवरची सगळी माती कापून काढली.

चार दिवस त्यांनी आंघोळ केली नाही. आमच्या घरीही त्या दिवसांत कोणी केली नाही.

अजून त्या चौकात मेथी घेताना मी वर बघते. हुतात्मा मान किंचित झुकवून भाजीवालीकडेच बघत असतो.