डाग सुईचा की तुकड्याचा

"यारु मुट्टिद्दु?" सरांनी विचारलं. हात कुणाचा लागला, एवढंच. म्हैसूरला आल्यावर कन्नड नीट कळायला मला फार वेळ लागला, पण हा प्रश्न पहिल्याच महिन्यात पाठ झाला होता.

पडद्यावर आमच्या तुकड्याचं चित्र होतं. मेटगळ्ळीच्या या कारखान्यात काचेवर चुंबकी थर चढवतात आणि त्याचे नखाएवढे तुकडे करतात. थर नीट बसला की नाही ते एक डोळ्याला न दिसणारी चुंबकी सुई बघते. ती तुकड्यावरून, न टेकता, ओळीओळीनं फिरते आणि थरातल्या चुंबकाचं चित्र उमटतं. चांगल्या तुकड्यात घोंगडीसारखे काळे-पांढरे पट्टे दिसतात. त्या दिवशी पट्ट्यांमधून आडवे ओघळ गेले होते, ओल्या शाईवरून बोट फिरवल्यासारखे.

हात माझाच लागला होता. तुकडे उचलून सुईखाली ठेवायचं काम माझं. चिमटा पितळीच घ्यायचा, लोखंडी लागला तर थर बिघडतो. मी पितळीच घेतला होता. घेतला होता ना? सर माझ्याकडं बघत राहिले आणि माझाच माझ्यावर विश्वास राहीना.

मी विट्याकडचा. नववीत शाळा सोडली आणि आमच्याकडची पोरं जातात तसा गलाईच्या, म्हणजे सोनं गाळायच्या कामाला परमुलखात आलो. देवराज मोहल्ल्यातल्या दुकानात तेजाबाच्या धुरानं छाती धरली. तिथं आपल्या आईच्या बांगड्या गाळायला घेऊन आलेल्या अक्कांनी माझा खोकला ऐकला. अक्का इथल्याच, कधीकाळी राजाच्या फौजेत आलेल्या मराठी घरातल्या. कारखान्यात सुईचं यंत्र त्या चालवतात. "पोरगा हाताचा चांगला आहे," या त्यांच्या शब्दावर सरांनी मला ठेवलं. ओघळ माझे निघाले असते तर मी परत धुरात गेलो असतो, आणि त्यांचा शब्द माझ्यामुळं खाली पडला असता. या दुसऱ्या गोष्टीचीच भीती जास्त होती.

"अय्यो, तोंड कशाला पाडलास?" अक्का म्हणाल्या. "सुई पण चुंबकच की रे. ती सुम्मने, नुसतीच, बघत नाही, बघता बघता थराला ओढते पण. ओघळ तिचे असतील."

"आणि माझे असले तर, अक्का?"

"तर तुझे. आता तुकडा काटकोनात फिरवून ठेव. डाग तुकड्यात असला तर तुकड्याबरोबर फिरेल. सुईचा असला तर आडवाच राहील."

"तुम्हीच ठेवा ना."

"का? तुला चिमटा चावतो?"

मी तुकडा उचलला. सरांचा श्वास मानेवर येत होता. ठेवताना तुकड्याची कड टिक् करून वाजली. मग वाट बघणं. चित्र वरून खाली, एकेक ओळ येतं. सर टेबलावर बोटं वाजवत होते. पट्टे दिसू लागले, आता उभे. आणि ओघळ? आडवेच.

"सुईचे," अक्का म्हणाल्या. मी श्वास सोडतोय तोवर मला तो दिसला. एक बारीक काळा ठिपका. आधी वरच्या कडेला होता, आता उजव्या. तो फिरला होता. आणि कडेलाच तर चिमटा लागतो.

अक्कांनी सुई जरा वर घेतली, म्हणजे ओढ कमी. चित्र पुसट आलं. मग त्यांनी पट्टे आधीच माहीत असलेला तुकडा सुईखाली ठेवायला लावला. त्यावर सुई काय आणि किती चुकवते ते संगणकानं काढलं आणि तेवढं आमच्या चित्रातून वजा केलं. हे मला समजलं. कसाच्या दगडावरसुद्धा आधी ओळखीच्या सोन्याची रेघ ओढतात, मग गिऱ्हाइकाच्या.

पट्टे स्वच्छ झाले. ठिपका तसाच. मनात म्हटलं, अक्का, तेवढा पण काढा, कोण बघतंय.

"हा तुकड्याचा आहे, सर," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या.

"कुणामुळं?"

"गोत्तिल्ला, ठाऊक नाही. डाग आहे, एवढं चित्र सांगतं. कुणी केला ते नाही सांगत."

सरांनी माझ्या हातातला चिमटा घेतला आणि कपाटाच्या दारातल्या चुंबकाला लावला. चिकटला नाही. पुन्हा लावला. मग माझ्या तळहातावर ठेवला. "इन्नोंदु तोगोंडु बा." आणखी एक घेऊन ये.

मी नवा तुकडा आणला. सर तिथंच उभे. मी चिमटा उचलला, खाली ठेवला, परत उचलला. अक्कांनी एकदा माझ्या हाताकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, कॉफी गार होतेय बाहेर." त्यांना घेऊन त्या गेल्या, जाताना मागं वळूनही बघितलं नाही.

खोलीत मी एकटा. आधी चिमटा कपाटाच्या चुंबकाला लावून बघितला, मग तुकडा उचलला.