गोधडीतली मरियामाता

सासूबाईंची ही वाट जुनी. त्या लग्न होऊन जालन्यात आल्या तेव्हापासून आमच्या वस्तीतली ख्रिस्ती घरं मरियामातेच्या सणाला चालत निघायची. वाटूर फाट्यापासून आत एक खेडं आहे, तिथं पत्र्याचं छोटं चर्च आहे, तिथवर. रस्त्यात मुक्काम करत, गाणी म्हणत जायचे. पुढं सासूबाईंचे गुडघे गेले, पण वाट सोडायला त्या तयार नव्हत्या. त्यांनी आपली एक रीत काढली. एसटीनं जायचं, पण पूर्वी जिथं मुक्काम पडायचा त्या गावी उतरायचं. ओळखीच्या घरी प्रार्थना करायची, पुढच्या फाट्यापर्यंत चालायचं आणि तिथून दुसरी एसटी धरायची. वाटूर फाट्यावरून आतला शेवटचा रस्ता मात्र पायीच. घरचे हसायचे, म्हणायचे, ही कसली यात्रा, अर्धी तिकिटाची. सासूबाई म्हणायच्या, "देवाला ठाऊक हाये माझे गुडघे."

सोबत मी जायचे. मी टेंभुर्णीकडची, बौद्ध घरातली. नवऱ्याशी ओळख झाली ती नोकरीच्या ठिकाणी, लग्न आम्ही आमच्या मर्जीनं केलं. मूर्तीपुढं हात जोडायची सवय मला माहेरी नव्हती आणि सासूबाईंनीही कधी आग्रह केला नाही. मी जायचे ती त्यांच्या गुडघ्यांसाठी.

त्या वर्षी उन्हाळ्यात वादळानं त्या चर्चचा पत्रा उचलला आणि आतल्या मरियामातेच्या मूर्तीचा चुरा झाला. जालन्याच्या चर्चमध्ये एक जुनी मूर्ती कोठीत पडून होती. फादरांनी ती द्यायची ठरवली. टेम्पोतून पाठवतो म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, टेम्पोत आदळून फुटंल, आम्ही नेतो.

आम्ही म्हणजे मी. त्यांच्या मनगटात तेवढा जोर कुठला? मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची, तीन-चार वर्षांच्या लेकराएवढी. सासूबाईंनी ती जुन्या गोधडीत गुंडाळून सुतळीनं बांधली. निघताना नवऱ्यानं मला बाजूला घेतलं. "रस्त्यात कुणाला उघडून दाखवू नका," तो म्हणाला. आदल्या वर्षी चालत निघालेल्या लोकांना वाटेत काही जणांनी अडवलं होतं. काय वाटता, कुणाला बाटवायला निघालात, असं विचारत पिशव्या उलट्या केल्या होत्या, फोनवर शूटिंग केलं होतं. मारहाण झाली नाही, पण त्यातल्या दोन घरांनी त्या वर्षी येणंच बंद केलं.

सकाळची पहिली एसटी रिकामी होती. मधल्या गावात प्रार्थना झाली, चहा झाला. कपाशीच्या कडेकडेनं फाट्यापर्यंत चाललो. मूर्ती खांद्यावर आणि माझा हात तिच्या पाठीखाली. ऊन चढत होतं. दुसरी एसटी आली ती खच्चून भरलेली. सासूबाई मागच्या बाजूला रेटल्या गेल्या, मी पुढं ड्रायव्हरकडे. गाडी हलली आणि मी मूर्ती छातीशी घट्ट धरली. समोरच्या दांडीवर आपटली असती तर संपलंच.

सीटवर बसलेली हिरव्या लुगड्यातली एक बाई माझ्याकडे बघत होती. उठली. "बस गं. लेकरू घेऊन कशी उभी राह्यली?"

मी बसले. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण मग विचारतील, लेकरू नाही तर काय आहे? मी गोधडीचं टोक आणखी वर ओढून घेतलं.

"आजारी हाये व्हय? तोंड तरी उघडं कर. गुदमरंल की ते."

मी मान हलवली. ती हो होती की नाही, माझं मलाच कळलं नाही. बाई वाकली आणि गोधडी सारखी करायला लागली. खालच्या बाजूला गोधडी सुटली होती. तिथून बाहेर आलेल्या पायाला तिचा हात लागला, आणि ती किंचाळलीच.

"आवो कंडक्टर! लेकराचा पाय गार पडलाय! बिलकुल गार!"

पुढचं सगळं एकदम झालं. कंडक्टर गर्दीतून पुढं घुसला. कुणी म्हणालं, पाणी मारा. कुणी म्हणालं, वाटूरला डॉक्टर हाये. दुसरा म्हणाला, "तिथं लेकरांचा न्हाई, जल्दी मंठ्याला सरकारी दवाखान्यात घ्या." ड्रायव्हरनं मागं वळून फक्त एकदा बघितलं आणि गाडी अशी दामटली की उभी असलेली माणसं एकमेकांवर पडली. वाटूर फाटा आला, पण गाडी हॉर्न वाजवत तशीच पुढं गेली. उतरणारे ओरडत होते, त्यांच्यावर बाकीचे ओरडत होते, "लेकराचा जीव चाललाय अन् तुम्हाला उतरायची पडली!"

मला बोलायचं होतं. इतकी माणसं एका मूर्तीसाठी धावपळ करतायत हे आता सांगायचं कसं? बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. "रडू नको, रडू नको." मी रडत नव्हते. तेच बहुतेक मागच्या एका माणसाच्या लक्षात आलं. पांढरा शर्ट, कपाळाला टिळा, हातात फोन.

"ही रडून कामून न्हाई राह्यली?" तो म्हणाला. "आई असती तर रडली असती. लेकराचं तोंडही दाखवत न्हाई. कुणाचं लेकरू हाये हे?"

गाडीतला आवाज बदलला. मला तो बदल अंगावर जाणवला. "पळवून तर आणलं न्हाई?" कुणीतरी म्हणालं. पाठीवरचा बाईचा हात उचलला गेला. पांढऱ्या शर्टवाल्यानं फोन माझ्या तोंडासमोर धरला. "नाव सांगा. गाव सांगा. पोलिसला लावा रे फोन." लेकरं पळवणारे समजून लोकांनी कुणाकुणाला मारल्याच्या बातम्या मीही वाचल्या होत्या. खिडकीकडून एका हातानं गोधडी ओढली. मी ती दोन्ही हातांनी आवळली, आणि मी आवळते आहे हे बघून आणखी दोन हात आले.

"आई!" मी जोरात हाक मारली. "आई, इकडं या!"

सासूबाईंना कमी ऐकू येतं. मागं त्यांना वाटत होतं, कुणाला तरी चक्कर आली. पण माझी हाक त्यांनी ऐकली. माणसांच्या काखेखालून वाट काढत त्या आल्या. पदर सुटलेला, एक चप्पल कुठंतरी राहिलेली. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा फोनकडे.

"हात काढा," त्या म्हणाल्या. "फुटंल ती. लेकरू न्हाई ते, आमची मूर्ती हाये."

माझ्या मांडीवरच त्यांनी सुतळी सोडली. निळा पदर दिसला, मग चेहरा, खाली झुकलेले डोळे. मग मागून एक बाई फिस्सकन हसली आणि हसणं सगळ्या गाडीत पसरलं. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. तो हसला नाही. खाली उतरला, टायरपाशी उभा राहून बाटलीतलं पाणी प्यायला. अर्धं पाणी शर्टावर सांडलं. "मला वाटलं, लेकरू जातंय हातचं," तो कंडक्टरला म्हणाला. त्याचा तो आवाज ऐकून मला पहिल्यांदा रडू फुटलं.

पांढऱ्या शर्टवाल्यानं फोन खाली घेतला नव्हता. "कोणती देवी ही?"

"येशूची आई," सासूबाई म्हणाल्या. "आमची माउली."

"मंग लपवून कामून नेता?"

मी सासूबाईंचा हात दाबला. काहीतरी गोड बोलून सोडवतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "फुटू नये म्हणून गोधडीत बांधली, बाबा. अन् लपवली म्हणशील तर तेबी खरं हाये. तू आत्ता विचारून राह्यला ना, तसंच कुणीतरी विचारंल म्हणून."

त्यानं फोन खिशात टाकला. कंडक्टरनं घंटी वाजवली. "वाटूरवाले इथंच उतरा. गाडी मागं न्यायला जमायची न्हाई."

उतरलो आम्ही दोघी, ती हिरव्या लुगड्यातली बाई आणि तो पांढऱ्या शर्टवाला. बाकीचे शिव्या देत मंठ्यापर्यंत जाऊन परत येतो म्हणाले. चौघं रस्त्याच्या कडेनं वाटूरकडे चालू लागलो. बाई माझ्यावर चिडली होती. "आधी बोलायला काय झाल्तं तुला? त्या गार पायाला हात लागला तर माझाच जीव गेल्ता." बराच वेळ ती अशी बोलत राहिली. मग म्हणाली, "दे इकडं. खांदा दुखला असंल." मूर्ती तिनं कडेवर घेतली, लेकरू घ्यावं तशीच. "जड हाये की गं बाई!"

तो मागं होता. त्याच्या चपलांचा आवाज येत होता. मग त्यानं कुणाला तरी फोन लावला. "हां, फाट्यावर ये. दोघी हायेत... हां, मूर्ती हाये संगं. लवकर ये." मी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "येऊ दे. आपण कुठं पळणार? माझ्यानं तर पळवतबी न्हाई."

फाट्यावर चहाच्या टपऱ्या होत्या, माणसं होती. बाईनं मूर्ती माझ्या हातात दिली, सासूबाईंना नमस्कार केला आणि गावात निघून गेली. ती गेल्यावर मला फार उघडं पडल्यासारखं झालं. एक मोटारसायकल समोर येऊन थांबली. चालवणारा त्याचा भाऊ असावा, चेहरा तसाच. दोघं आमच्याकडे बघत काहीतरी बोलले. मी मूर्ती छातीशी धरली. तो मागं बसला आणि गाडी आमच्या शेजारी आणून थांबवायला लावली.

"आता उघडीच न्या," तो म्हणाला. "झाकली की लोक विचारतात."

आणि गेले. ही धमकी होती की सल्ला, ते मला आजही सांगता येत नाही. त्यानं काढलेल्या शूटिंगचं काय झालं, तेही कळलं नाही. पुढं कितीतरी दिवस मी फोन उघडताना घाबरत होते.

सासूबाईंनी मात्र गोधडी घडी करून स्वतःच्या काखेत घेतली. "चल."

"आई, उघडी?"

"उघडीच."

आतला रस्ता सोयाबीनच्या शेतांमधून जातो. मी माझ्या आयुष्यात इतकी भीत भीत कधी चालले नाही. प्रत्येक येणारी गाडी, प्रत्येक माणूस दुरून दिसला की मी मूर्ती आणखी आवळायचे. एका बैलगाडीवाल्यानं वळून वळून बघितलं. बांधावर भाकरी खात बसलेल्या बायांनी हाक मारली, "कोणती देवी गं?" सासूबाई दर वेळी थांबून सांगत होत्या, येशूची आई, अमक्या गावाला चाललीय, वादळात तिथली फुटली म्हणून. घाईनं एकदाही नाही. एकीनं हात जोडले. एक नुसतीच बघत राहिली. बाकी कुणी काही केलं नाही.

उन्हं कलताना गाव आलं. लोक वाटच बघत होते. बायांनी मूर्ती माझ्या हातून घेतली, नव्या चौथऱ्यावर ठेवली, मेणबत्त्या लावल्या. आत जपमाळ सुरू झाली. मी बाहेर पायरीवर बसून राहिले. हात कोपरापासून पुढं माझे राहिलेच नव्हते.

प्रार्थना संपल्यावर जेवणाची पंगत बसली. भाकरी आणि वांग्याची भाजी. माझी बोटं वळेनात, भाकरी मोडता येईना. सासूबाई शेजारी येऊन बसल्या, कुणाशी तरी बोलता बोलताच माझी भाकरी त्यांनी कुस्करली, भाजीत कालवली आणि ताट माझ्यापुढं सरकवलं.

"जेव," त्या म्हणाल्या. मी जेवले.