नऊ मासे आणि मनकर्णा

११ ऑगस्ट १९४१. कळमनुरीच्या मुलींच्या शाळेत, संतराम मास्तर वगळता, जीव एकवीस: वर्गात अकरा मुली, बरणीत नऊ मासे, दाराबाहेर मनकर्णा. मासे मेलेले होते. तरी मोजले, कारण त्यांची जागा पक्की होती.

मनकर्णाची आई गोजरबाई भोई कयाधू नदीत मासे धरून आठवडी बाजारात विकत असे. लेकीने चौथी पास व्हावे, एवढाच तिचा हट्ट. वर्गात माशांचा वास येऊ लागताच मास्तरांनी चौकशीचा खटाटोप टाळून मनकर्णाला बाहेर बसवले; बाहेरच्या मुलीची हजेरी लागत नाही, हेही ठरवून टाकले. गोजरबाईने लेकीला रिठ्याने घासले, शेजारच्या मदीनाबीकडे निजवले. वास हटेना. असे तेवीस दिवस गेल्यावर ती स्वतः शाळेत आली.

“पोरगी भायेर हाय, मास्तर. मंग आत वास काहून येऊन राहिला?”

“भिंतींत मुरलाय, बाई.”

“मंग भिंतीला बी भायेर बसवा की!”

मुली फिदीफिदी हसल्या. गोजरबाई वास घेत थेट कपाटापाशी गेली.

“आमच्या नदीचा मासा सडला तर चिखलावानी घाण सुटते. ही न्यारी हाय. उघडा.”

“सरकारी कपाट आहे.”

“सरकारी मासा बी सडतोच की.”

आत एका निवृत्त अधिकाऱ्याने भेट दिलेली बरणी होती: खोल समुद्रातले, बोटाएवढे कंदीलमासे. झाकण सैल राहून स्पिरिट उडून गेले होते. या कुळात दोनशेवर जाती आहेत. पोटावरच्या प्रकाशठिपक्यांची मांडणी बारकाईने पाहून त्या ओळखाव्या लागतात. मास्तरांना मनकर्णाच्या बाबतीत एवढे कष्ट पडले नव्हते. नाक पुरले होते.

गोजरबाईने एक मासा चिमटीत धरला. “पोटाला दिवे लावून बसला, तरी तुमाला दिसला न्हाई व्हय? आता पोरीची हजेरी लावा.”

“मागच्या दिवसांची लावता येत नाही.”

“या सडक्यांची बराबर लागली!”

मासे उकिरड्यावर गेले, मनकर्णा वर्गात आली. परीक्षेपुरते दिवस मात्र भरले नाहीत. चौथी तिला पुन्हा करावी लागली. मास्तरांनी बरणी धुऊन तीत खडू ठेवले. बाजाराला जाताना गोजरबाई दर आठवड्याला शाळेच्या खिडकीतून विचारी, “लावली का?” १९४८ साली ती तापाने गेली, तेव्हा हा प्रश्नही थांबला.

शाळेकडून मनकर्णाचे तेवीस दिवस येणे आहेत.