मेणातली कणी

ठाण्यातल्या आमच्या लॅबमध्ये माझं काम कापण्याचं. गाठीचा तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवलेला असतो, त्याचे अतिशय पातळ काप काढून काचेवर घ्यायचे. वीस वर्षं डोंबिवलीहून येऊन मी हेच करतेय. या कामात माझा हात धरणारं कुणी नाही, हे मी स्वतःच सांगते. नम्रपणा मला जमत नाही.

त्या सकाळी शहाडचे एक गृहस्थ ठोकळा घेऊन आले. सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांची कामं करणारे वायरमन. त्यांच्या सोळा वर्षांच्या मुलीच्या मेंदूतली गाठ ऑपरेशनमध्ये पूर्ण निघाली नव्हती. उरलेली कशामुळे वाढतेय, ते आम्हाला शोधायचं होतं. त्यांनी स्टीलचा डबा उघडला आणि माझं डोकंच फिरलं. ठोकळ्याची एक बाजू ओघळली होती, आतला तुकडा तिरका झाला होता.

आदल्या संध्याकाळी ठोकळा हॉस्पिटलातून त्यांच्या हातात आला, म्हणून त्यांनी रात्रभर देव्हाऱ्यात ठेवलेला, अगदी समईला टेकवून. "पोरीचंच आहे ना ते, ताई. मग देवाजवळच ठेवणार ना," ते म्हणाले. मी त्यांच्यावर चांगलीच करवादले. मग वाटलं, मीही तेच केलं असतं.

तुकडा उरला होता तांदळाच्या कणीएवढा, बाकीचा आधीच्या तपासण्यांत संपलेला. हा वाया गेला तर मुलीचं डोकं पुन्हा उघडावं लागेल, असं आमच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं. काय शोधतोय तेही सांगितलं. पेशीला बाहेरून वाढायचा निरोप आला की तो आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात केंद्रकापर्यंत पोचतो, आणि एका पेशीच्या दोन होतात. निरोप थांबला की वाढही थांबते. काही गाठींत मधलंच एक प्रथिन बिघडतं आणि बाहेरून काही आलेलं नसताना निरोप पुढे ढकलत राहतं. ते सापडलं तर नेमकं त्यालाच अडवणारी गोळी आहे.

"म्हणजे स्टार्टर चिकटलाय," गृहस्थ म्हणाले. "बटण बंद केलं तरी मोटर चालूच."

डॉक्टर माझ्याकडे बघून हसले. इतकं सोपं करून डॉक्टरांनी आम्हालाही कधी सांगितलं नव्हतं.

मी मेण वितळवलं, कणी चिमट्यानं सरळ केली, नव्या मेणात बसवली आणि ठोकळा बर्फावर ठेवला. मग यंत्रावर चढवला. पहिला काप चुरगळला. दुसरा फाटला. तिसरा मात्र सलग आला, कोमट पाण्यावर अलगद पसरला, आणि मी श्वास रोखून तो काचेवर उचलला. पाठोपाठ आणखी दोन मिळाले. मग कणी संपली.

बिघडलेलं प्रथिन असेल तरच तपकिरी रंग धरतो. रंगाचे सगळे टप्पे होईपर्यंत दुपार उलटली. गृहस्थ बाहेरच्या बाकावर बसून होते, मी दिलेला चहा तसाच गार झालेला. काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि मी उडालेच. तपकिरी! पेशीन् पेशी तपकिरी! मी अक्षरशः धावत जाऊन डॉक्टरांना ओढून आणलं. त्यांनी दोनदा पाहिलं, शेजारची तुलनेची काचही पाहिली, आणि स्वतः उठून बाहेर गेले.

त्यांचं ऐकून झाल्यावर गृहस्थांनी घरी फोन लावला, पण त्यांना बोलता येईना. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. मी मुलीला सगळं सांगितलं, बहुधा फार भरभर.

तिनं विचारलं, "म्हणजे आता परत भादरणार नाहीत ना? केस वाढवू मी?"

"वाढव," मी म्हणाले. पुढचं तिचे डॉक्टर ठरवणार होते, गोळी किती लागू पडते तेही बघायचं होतं. तरी मी पुन्हा म्हणाले, "खुशाल वाढव."