सहावा नंबर
ओल्या चुन्याचा वास आला की मला छावणीतलं जुनं ख्रिस्ती कब्रस्तान आठवतं. शहरातल्या नामांकितांच्या कबरींवर, बघायला येणाऱ्यांसाठी नंबर टाकायला एक साहेब रंगाचा डबा घेऊन आले होते. डॉक्टर, पाद्री, बँडमास्तर अशा संगमरवराखालच्या पाच जणांना त्यांनी एक ते पाच नंबर घातले. भिंतीलगतच्या साध्या कबरीला चुना लावत बसलेल्या आईनं विचारलं, "आन् ह्याला?" "हे कोण?" "माझा बाप. इथले खड्डे खणायचा." साहेब हसले, "बाई, नंबर फक्त मोठ्या माणसांना." आईनं चुन्याचा कुंचला उचलून उशाच्या दगडावर भलाथोरला सहा काढला. "तुमच्या मोठ्या माणसांना मातीत निजवलं कुणी? ह्यानंच. आता पुसून दाखवा!" साहेबांनी पुसला नाही. आई गेली तेव्हा तिच्या दगडावर मी कुणालाही न विचारता सात घातला.